कुत्र्याचं पिल्लू बहिरं किंवा आंधळं वाटतंय? दत्तक घेताना या चुका टाळा

शंका आली की बहुतेक जण एक टाळी वाजवतात, डोळ्यांपुढे हात हलवतात आणि निकाल देऊन टाकतात. त्या निकालावर एखाद्या पिल्लाचं घर ठरतं किंवा हुकतं, म्हणून तपासणीतल्या चुकांबद्दलच जास्त लिहितो आहे.

फार लवकर तपासणं

जन्मतः पिल्लाचे डोळे आणि कान दोन्ही बंद असतात. डोळे साधारण 10 ते 14 दिवसांत उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत. त्यामुळे दोन आठवड्यांचं पिल्लू हाकेला वळलं नाही, यावरून काहीच कळत नाही. उलटही होतं, सुरुवातीला आवाजाला दाद देणारं पिल्लू नंतर बहिरं ठरू शकतं. जन्मजात बहिरेपणात आतल्या कानातल्या पेशी बऱ्याचदा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मरतात. म्हणून पाच-सहा आठवड्यांआधी कानांबद्दल ठाम मत बनवू नका.

टाळी वाजवून ऐकणं तपासणं

टाळीने हवा हलते, हात दिसतो. पाय आपटला तर फरशी थरथरते. बहिरं पिल्लूही यावर वळतं. भावंडांत असेल तर ती उठली की तेही उठतं, आणि कमतरता लपून जाते. त्याला एकटं ठेवा. गाढ झोपलेलं असताना मागून, थोड्या अंतरावरून वेफर्सचं रिकामं पाकीट चुरगाळा आणि कान हलतात का ते पाहा. तोच आवाज पुन्हा पुन्हा काढू नका, ऐकू येणारं पिल्लूही कंटाळून दुर्लक्ष करतं.

एकाच कानाने बहिरं असेल तर घरगुती तपासणीत ते सहज निसटतं. त्याला आवाज येतो, पण कुठून आला ते कळत नाही. खात्री फक्त 'बीएईआर' चाचणीने होते; त्यात आवाजाला मेंदू देत असलेला विद्युत प्रतिसाद मोजतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी असते, त्यामुळे आधी आपल्या पशुवैद्यांना विचारा.

डोळ्यांपुढे हात हलवणं

हाताचा वारा मिशांना लागतो आणि न दिसणारं पिल्लूही डोळे मिटतं. दुसरीकडे, अंगावर येणाऱ्या हाताला पाहून डोळे मिटणं पिल्लू हळूहळू शिकतं. तीन महिन्यांच्या आत ते न जमणं म्हणजे आंधळेपण नव्हे. कापसाचा बोळा वरून सोडा. त्याला ना आवाज ना वास, नजर मागे गेली तर दिसतंय. मग अनोळखी खोलीत दोन-चार खुर्च्या ठेवून उजेडात आणि मंद प्रकाशात चालवून पाहा.

बुबुळ दुधाळ किंवा निळसर दिसलं तर घरात उरलेले थेंब घालू नका. डोळ्यावर जखम असेल तर स्टिरॉइडच्या थेंबांनी ती चिघळते. न उघडलेल्या पापण्यांखाली फुगवटा किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशी कितीतरी पिल्लं वेळेत उपचार मिळाल्याने पाहू शकतात.

रंगाकडे दुर्लक्ष करणं

रंगद्रव्याचा अभाव आणि बहिरेपण यांचा संबंध आहे. डाल्मेशियन जातीत एका किंवा दोन्ही कानांचं बहिरेपण बऱ्याचदा आढळतं, तमिळनाडूच्या पांढऱ्या राजपालयम जातीतही ते दिसतं. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दोन मर्ल, म्हणजे फिकट रंगावर गडद, वेडेवाकडे डाग असलेल्या, कुत्र्यांची जोडी लावणं. त्यांच्या सरासरी दर चार पिल्लांत एकाला या रंगाचं जनुक आई-वडील दोघांकडून मिळतं, आणि बहिरेपण, अतिशय लहान डोळे, कधी दोन्ही त्याच्या वाट्याला येऊ शकतात. असं पिल्लू 'दुर्मीळ पांढरं' म्हणून जास्त पैशांत विकणं हा अन्याय आहे. आई-वडिलांचे फोटो मागा. मात्र प्रत्येक पांढरं पिल्लू बहिरं नसतं, हेही लक्षात ठेवा.

घरी आणल्यावर

बहिऱ्या पिल्लाला झोपेतून एकदम हलवून उठवू नका. दचकून ते चावू शकतं. नाकाजवळ हात धरा, खांद्याला हलकं शिवा, लगेच खाऊ द्या. सगळ्या घराने हातवारे एकच ठेवा. आजी एक खूण करते आणि नातू दुसरी, मग पिल्लू गोंधळतं. लेझरच्या ठिपक्यामागे पळवू नका, त्याचं वेड लागतं. शॉक देणारा पट्टा तर नकोच.

न दिसणाऱ्या पिल्लासाठी पाणी, जेवण आणि अंथरूण यांच्या जागा बदलू नका. जिन्यापाशी पायपुसणं टाका, म्हणजे पायाला कळतं. बाल्कनीच्या गजांना जाळी लावा. उचलून उचलून फिरवलं तर ते घर कधीच शिकणार नाही.

दोघांनाही रस्त्यावर साखळीशिवाय सोडू नका. दिवाळीत बहिरं पिल्लू फटाक्यांच्या आवाजाला घाबरत नाही, आणि म्हणूनच पेटलेल्या फटाक्याजवळ जाऊ शकतं. गळ्यातल्या बिल्ल्यावर 'मला ऐकू येत नाही' किंवा 'मला दिसत नाही' असं लिहा, खाली तुमचा फोन नंबर टाका.