दहा मिनिटांच्या फिल्मआधीची तयारी

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची लघुपट स्पर्धा 2015 साली सुरू झाली. पहिलं बक्षीस आता दोन लाखांचं आहे, प्रवेश शुल्क नाही, आणि भारतातल्या कुठल्याही भाषेत फिल्म करता येते. म्हणून कॉलेजातली मुलं दरवर्षी विचारायला येतात, "सर, कॅमेरा कुठला घेऊ?" कॅमेऱ्याचं शेवटी बघू. त्याआधी त्या वर्षाचं नियमपत्रक छापून भिंतीला लावा आणि तीन गोष्टींखाली रेघ मारा: लांबी किमान तीन आणि जास्तीत जास्त दहा मिनिटं, इंग्रजी सबटायटल्स हवीतच, आणि शेवटची तारीख. फिल्म वापरायचे हक्क कोणाकडे जातात, ते कलमही सही करण्याआधी सगळ्या टीमने एकत्र बसून वाचा.

मग विषय. वेठबिगारी, कोठडीतला छळ, भटक्या-विमुक्तांचे प्रश्न, अपंगांचे हक्क असे कितीतरी विषय चालतात. पण दहा मिनिटांत एक माणूस आणि एक कागद एवढंच मावतं. कागद म्हणजे काय, ते गटारात उतरून मरण पावलेल्या कामगाराच्या गोष्टीवरून सांगतो. अशा मृत्यूनंतर पोलीस ठाण्यात नुसती 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद झाली, की ठेकेदाराचं नाव गुन्ह्यात कुठे येतच नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला, तर येतं. त्या दोन नोंदींमध्ये जे अंतर आहे तीच तुमची पटकथा. बायको हातात प्लॅस्टिकची पिशवी धरून बसलीय, पिशवीत झेरॉक्सच्या झेरॉक्स, शिक्का वाचता येत नाही इतक्या फिक्या. एवढं दिसलं की पार्श्वसंगीत लागत नाही.

कायद्याची पडताळणी एका वकिलासोबत बसून करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारलं तरी बोलायला कोणीतरी भेटतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तुमच्या गोष्टीतला मृत्यू त्याआधीचा असेल तर एफआयआरवर भारतीय दंड संहितेचं 304-अ येईल, नंतरचा असेल तर न्याय संहितेचं कलम 106. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा 2013 चा. गटारातल्या मृत्यूसाठी दहा लाख भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 ला दिला आणि 20 ऑक्टोबर 2023 ला ती रक्कम तीस लाख केली. पात्राच्या तोंडी आकडा घालताना घटनेचं साल बघा. कोर्टाचा सीन असेल तर न्यायाधीशांच्या हातात हातोडा देऊ नका, आपल्या कोर्टात तो नसतो. साक्षीदाराचा हात गीतेवर ठेवू नका. आपल्याकडे पट्टेवाला दाराशी येऊन पुकारा करतो, वकील पुढची तारीख मागतात, आणि बाकावर बसलेल्या बाईला काय झालं ते कोणी सांगत नाही. एक दिवस तालुक्याच्या कोर्टात नुसते बसून या. मोबाइल बंद ठेवा, आत चित्रीकरण करता येत नाही.

परवानग्या लवकर मागा. पोलिसाच्या गणवेशातला नट रस्त्यावर आणणार असाल तर जवळच्या ठाण्यात आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो: खऱ्या चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका, दोरी बांधून नाही, एका शॉटपुरतंही नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गॅस गेला. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, ते असंच. झाकण, दोरी, वरून वाकलेली माणसं आणि आवाज एवढ्यावर सीन उभा राहतो.

ज्यांची गोष्ट आहे त्यांची संमती मराठीत लिहा, मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधेच नको वाटलं तर नाही म्हणता येईल हे त्यात स्पष्ट लिहा. त्यांची केस चालू असेल तर त्यांच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक वाक्यही रेकॉर्ड करू नका. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. मुलांसाठी पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 आहे. पीडिता हयात नसली तरी ओळख झाकायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. चेहरा धूसर केला म्हणजे ओळख झाकली असं होत नाही. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या एका बाईवर आम्ही फिल्म केली होती. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा तिच्या बाजूने होता, तिने तक्रारही केली होती. आम्ही चेहरा दाखवला नाही, आवाज बदलला. अंगणातलं निळं पिंप मात्र फ्रेममध्ये राहिलं, आणि वस्तीने त्यावरून तिला ओळखलं. पुढचे काही महिने तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते आमच्यामुळे. तेव्हापासून शूटिंगआधी मी घराची पाटी, शाळेचा गणवेश, मागचं देऊळ, गाडीचा नंबर, दोरीवरचे कपडे हे सगळं फ्रेममध्ये एकेक करून तपासतो.

सबटायटल्सना पूर्ण दोन दिवस ठेवा. 'पोलीस कोठडी' (आरोपी पोलिसांच्या ताब्यात) आणि 'न्यायालयीन कोठडी' (आरोपी तुरुंगात) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाषांतरात त्यांची सरमिसळ झाली तर कथाच बदलते. मराठी अजिबात न येणाऱ्या मित्राला एकदा बसवून दाखवा आणि गोष्ट काय होती ते त्याच्याकडून ऐका. संगीत स्वतःचं किंवा लेखी परवानगीचं.

संपादन झालं की अपलोड करण्याआधी फिल्म ज्यांची आहे त्यांना त्यांच्याच घरी जाऊन दाखवा आणि काही काढायला सांगितलं तर काढा. स्पर्धेला पाठवायची गूगल ड्राइव्हची लिंक दुसऱ्या फोनवरून, लॉगइन न करता उघडते का ते पाहा. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. आणि एक प्रत त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर टाकून द्या. मेमरी भरलेली असते, म्हणून लहान आकाराची वेगळी फाइल करूनच घेऊन जा.