फीचर ‘हवं का?’ एवढंच विचारू नका
‘हे फीचर हवं का?’ असं विचारलं की बहुतेक ग्राहक ‘हो’च म्हणतात. त्यातून कोणतं काम आधी घ्यायचं ते ठरत नाही. त्यापेक्षा जपानचे प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेली जोडप्रश्नांची पद्धत वापरा. समजा, दुकानदारांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर आहे. ‘बिल थेट व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं तर कसं वाटेल?’ आणि लगेच ‘ही सोय नसेल तर?’ पर्याय पाच: आवडेल, असायलाच हवं, फरक पडत नाही, चालवून घेईन, आवडणार नाही. पहिल्याला ‘असायलाच हवं’ आणि दुसऱ्याला ‘आवडणार नाही’ म्हणणारे जास्त निघाले, तर ते काम आधी घ्या. दोन्हीकडे ‘फरक पडत नाही’ आलं, तर मागणी कितीही जोरात असो, मागे ठेवा. काउंटरवर बिलं करणाऱ्यांची उत्तरं मात्र मालकांपासून वेगळी मोजा. दिवसभर स्क्रीनसमोर तेच असतात.