इल्लीगल, पण अनलॉफुल: नकार जोडताना

'इररेग्युलर'च्या सुरुवातीला आर एक की दोन? पुढचं 'इर' झाकून बघा. 'रेग्युलर'चा स्वतःचा एक आर आहेच, दुसरा आला 'इन' या लॅटिन उपसर्गातून. त्यातला एन पुढच्या अक्षरासारखा होतो: एलआधी एल (इल्लीगल), आरआधी आर, आणि पी, बी, एमआधी एम (इम्पॉसिबल, इममॅच्युअर). आपल्याकडे उत् + लेख = उल्लेख होतं, तीच ही संधी. म्हणून मूळ शब्दच एल, आर किंवा एमने सुरू होत असेल, तर ते अक्षर दोनदा लिहायचं. उच्चारात मात्र ते एकदाच ऐकू येतं आणि स्पेलिंग तिथेच चुकतं.

'अन' हा मूळ इंग्रजी उपसर्ग. तो कधीच बदलत नाही: अनलकी, अनरिअल, अनपॉप्युलर. म्हणून लीगलचं इल्लीगल, पण लॉफुलचं अनलॉफुल.

खरी फसगत नाम करताना होते. अनेबल, पण इनॅबिलिटी. अनस्टेबल, पण इनस्टॅबिलिटी. अनईक्वल, पण इनईक्वॉलिटी. या जोड्या पाठच कराव्यात, कारण विशेषणावरून नामाचा उपसर्ग ओळखता येत नाही.

आणि प्रत्येक 'इन' म्हणजे नकार नव्हे. डब्यावर 'इनफ्लेमेबल' लिहिलं असेल तर आतला पदार्थ पेट घेतो, कारण हा 'इन' नकाराचा नाही. न पेटणाऱ्याला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात. थिनरचा डबा गॅसजवळ ठेवण्याआधी हा शब्द नीट वाचा.