मूल ऊसतोडीला जाऊ नये म्हणून आधी उचलीचा हिशेब मांडा

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. पण मूल सोबत जाणार की नाही, हे मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ पैसे म्हणजेच उचल घेतली तेव्हाच ठरलेलं असतं. म्हणून शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत घरोघरी जावं. गाडी भरल्यावर समजूत घालून उपयोग होत नाही.

वहीत प्रत्येक कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल, मागची बाकी, टनाचा दर आणि दिवसाची तोड लिहा. समजा उचल 80,000 आणि दर 350 रुपये. फेडायला साधारण 229 टन ऊस तोडावा लागेल. दिवसाला 2 टन पडले तर 115 दिवस, दीडच टन पडला तर 153. पाऊस कमी झाला की हंगाम त्याआधीच संपतो आणि उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत चढते. हा अर्धा टन भरून काढायला घरात तिसरा हात एकच असतो, तो मुलाचा. त्यात आई आजारी पडली की खाड्याचे, म्हणजे बुडालेल्या दिवसाचे, पैसे कापले जातात आणि मोळ्या बांधायला मुलगी उभी राहते. आईबापांना शाळेचं महत्त्व कळत नाही असं म्हणणाऱ्यानं हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

‘मूल काम करतं का?’ असं विचारू नका. ‘नुसतं सोबत असतं,’ हेच उत्तर येतं. पहाटे तुम्ही फडात गेलात की तान्ह्याला कोण बघतं? पाणी कोण भरतं? वाढे कोण बांधतं? असं विचारा. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून आठवड्याचा बाजार होतो, कारण मजुरी उचलीत वळती झालेली असते.

उत्तराप्रमाणे उपाय वेगळा. घरी आजी असेल तर मूल तिच्याजवळ राहील, जेवणाची सोय तोडणीच्या महिन्यांपुरत्या हंगामी वसतिगृहातून. मात्र मुलांची यादी वेळेत पाठवा. वसतिगृह टोळ्या गेल्यावर सुरू झालं तर ताटं मांडलेली राहतात आणि मुलं फडात असतात.

सगळ्यात अवघड असतं दहा-बारा वर्षांच्या मुलीचं. भाऊ गावात राहतो, तिला मात्र तान्ह्या भावंडासाठी नेतात. तिथं वसतिगृहातली जागा पुरत नाही, तळावर, म्हणजे टोळी उतरते तिथं, पाळणाघर लागतं. कारखाना कोणता, तळ कुठं, हे मुकादमाकडून आधीच लिहून घ्या आणि तिथल्या अंगणवाडीला कळवा.

तरीही जाणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड द्या, कारखान्याजवळच्या शाळेला फोन करा. कुटुंबाला मदत करण्याची, बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीतली सवलत शाळा सुटल्यानंतर आणि सुट्टीतच लागू होते. चौदा वर्षांखालचं मूल शाळा बुडवून फडात राबत असेल तर ती लागू होत नाही, हे मुकादमाला आईबापांच्या देखत सांगा. ऐकलं नाही तर 1098 या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. तक्रार मुकादमाविरुद्ध नोंदवा, आईबापांविरुद्ध नको. ते घाबरले की पुढच्या वर्षी मुलाचं नावच सांगत नाहीत.