नववीतच हालचाल करा: इस्रोचा युविका

युविका म्हणजे ‘युवा विज्ञानी कार्यक्रम’, इस्रोचं शाळकरी मुलांसाठीचं शिबिर. त्यासाठी उन्हाळ्यात इस्रोच्या केंद्रात दोन आठवडे राहायचं असेल तर संधी फक्त नववीत. दहावीत गेल्यावर शोधाशोध सुरू करणाऱ्यांची इथेच चूक होते. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, शिबिर मे महिन्यात. प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रो करते.

निवडीत आठवीच्या गुणांना ५० टक्के वजन, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १०. पण ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेतल्या मुलांना १५ टक्के मिळतात, आणि हेच खेड्यातली मुलं विसरतात! विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काउट यांचेही गुण आहेत. त्यामुळे प्रमाणपत्रं जानेवारीतच स्कॅन करून ठेवा. मुख्याध्यापकांची सही शेवटच्या दिवशी मिळेल, या भरवशावर राहू नका.