नशामुक्त कारखाना करताय? या चुका टाळा

नशामुक्त कारखान्याचा फायदा आधी कामगाराला होतो, मालकाला नंतर. शेजारचा शुद्धीत असेल तर आपली बोटं शाबूत राहतात. तरीही चाकण-भोसरी पट्ट्यात सेफ्टीचं काम करताना त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सांभाळून घेणं. थर्ड शिफ्टला एखादा टाकून येतो आणि दोस्त म्हणतात, "जाऊ दे, पोरंबाळं आहेत त्याला, आम्ही बघतो." एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देतात तिथे, अशाला मशीनवरून उठवून डाय सेटिंगला, म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवायच्या कामाला, मदतनीस म्हणून उभं केलं. हलकं काम, म्हणे! सेटरचा हात डायमध्ये होता. तो "थांब" म्हणाला आणि याने प्रेस थोडी थोडी सरकवणारं इंचिंगचं बटण दाबलं. सेटरची दोन बोटं गेली. सेटर माळकरी, आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

सांभाळून घेण्यात प्यायलेल्याचंही भलं नाही. कर्मचारी भरपाई कायदा, 1923 च्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मधला भरपाईचा भाग जिथे लागू आहे तिथे दुखापत थेट नशेमुळे झाली, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नाही, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. माझी पद्धत साधी आहे: पाळी सुरू होताना सुपरवायझरने प्रत्येकाशी समोरासमोर दोन वाक्यं बोलायची. शंका आली की त्या दिवशी काम नाही. घरी सोडायला कंपनीची गाडी द्यायची, त्याला स्वतःच्या बाइकवर जाऊ द्यायचं नाही.

दुसरी चूक, गेटवर फुंकायचं मशीन बसवलं की झालं असं समजणं. नव्या एचआरवाल्यांना महिन्याभरात रिझल्ट हवा असतो, म्हणून हा शॉर्टकट. ते मशीन फक्त दारू पकडतं. गांजा, झोपेच्या गोळ्या सुटतात. शिवाय नुकतंच माउथवॉश वापरलं असेल किंवा होमिओपॅथीचे थेंब घेतले असतील, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे निर्दोष माणूसही अडकतो. अशा एकाला सगळ्या पाळीसमोर बाजूला काढलेलं मी पाहिलंय. नंतरची चाचणी शून्य आली, पण "बेवडा" हे नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हणून चूळ भरायला लावा, पंधरा-वीस मिनिटं बसवा, बंद खोलीत पुन्हा घ्या. आणि मॅनेजरनेही त्याच मशीनमध्ये फुंकावं.

सर्दीच्या गोळीने झोप येते. ती घेऊन प्रेसवर बसू नका, आधी सांगा.

तंबाखूला नशेत न धरणं हीसुद्धा चूकच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, ती तुमच्या गेटच्या आतही पाळली जाऊ द्या.

"आजपासून बंद कर, नाहीतर नोकरी गेली" असा दम रोज भरपूर पिणाऱ्याला देऊ नका. एकदम सोडल्यावर दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे आणि पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. नंबर नोटीस बोर्डापेक्षा संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे कोणाच्या नजरेत न येता उतरवून घेता येतो.

उपचाराची रजा द्या, नोकरी राखून ठेवा. परत आल्यावर त्याला जुन्याच टोळीत, जुन्याच रात्रपाळीत मात्र टाकू नका.