वाहक आणि अर्धवाहक नमुन्यांचे ईएसआर मापन कसे करावे

इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजेच ईएसआरमध्ये, चुंबकीय क्षेत्रातील अयुग्मित इलेक्ट्रॉन सूक्ष्मतरंग किती शोषतात ते मोजतात. विद्युतरोधक नमुना कॅव्हिटीत, म्हणजे सूक्ष्मतरंग साठवणाऱ्या धातूच्या पेटीत, ठेवून लगेच वर्णपट घेता येतो. परंतु धातू, ग्रॅफाइट किंवा भरपूर डोपिंग केलेले (मुद्दाम अशुद्धी मिसळलेले) सिलिकॉन यांच्या बाबतीत तसे केले, तर मिळालेल्या रेषेवरून काढलेले जी-मूल्य (रेषा कोणत्या क्षेत्राला येते ते ठरवणारा आकडा) बहुधा चुकीचे निघते. वाहक पदार्थात सूक्ष्मतरंग पृष्ठभागालगतच्या पातळ थरापर्यंतच पोहोचतात आणि आत शिरताना त्यांची कला (फेज) बदलत जाते, त्यामुळे शोषणाच्या संकेतात अपस्करणाचा (डिस्पर्शनचा) संकेत मिसळतो. म्हणून उपकरण सुरू करण्याआधी या थराची जाडी, म्हणजे स्किन डेप्थ, काढावी.

एक्स-बँड या सूक्ष्मतरंग पट्ट्यातील 9.5 गिगाहर्ट्झ वारंवारतेसाठी हिशेब सोपा आहे: ओहम-सेंटिमीटरमधील रोधकतेचे वर्गमूळ काढून त्याला अर्ध्या मिलिमीटरने गुणावे. 1 ओहम-सेंटिमीटर रोधकतेच्या सिलिकॉनसाठी उत्तर सुमारे 0.5 मिलिमीटर येते, 0.01 ओहम-सेंटिमीटरसाठी सुमारे 50 मायक्रोमीटर, आणि तांब्यासाठी मात्र जेमतेम 0.7 मायक्रोमीटर.

नमुन्याची जाडी या आकड्यापेक्षा बरीच कमी ठेवता आली, तर अर्धे काम तिथेच होते. चूर्ण वापरायचे असल्यास ते बारीक करून मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये किंवा पॅराफिनमध्ये असे मिसळावे, की कणांचा एकमेकांशी विद्युत संपर्क राहणार नाही. धातू पोलादी कानशीने घासू नये, कारण लोखंडाच्या कणांचा रुंद संकेत सगळा वर्णपट व्यापून टाकतो. सिलिकॉनची चकती कापली, की कापलेल्या पृष्ठभागावर तुटलेले बंध उरतात आणि 2.0055 च्या आसपास जी-मूल्य असलेली रेषा दिसू लागते. नवखा अभ्यासक तिला पदार्थाचा गुणधर्म समजतो, याचे वाईट वाटते. हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने तो थर काढता येतो, परंतु हायड्रोफ्लोरिक आम्लाची इजा खोलवर जाते, त्यामुळे हे काम प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे.

नमुना कॅव्हिटीत अशा जागी ठेवावा, जिथे सूक्ष्मतरंगांचे विद्युत क्षेत्र शून्याजवळ आणि चुंबकीय क्षेत्र सर्वाधिक असते. अन्यथा कॅव्हिटीचा क्यू-गुणक, म्हणजे ऊर्जा साठवण्याची क्षमता, कोसळतो आणि ट्यूनिंग जमत नाही. वाहक नमुन्यामुळे कॅव्हिटीची वारंवारताही सरकते, म्हणून प्रत्येक मापनाची वारंवारता वेगळी नोंदवावी आणि क्षेत्राची खातरजमा 2.0036 जी-मूल्याच्या डीपीपीएच या प्रमाण पदार्थाने करावी. मॉड्युलेशनचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला दिलेल्या हेलकाव्याचा, विस्तार रेषेच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून कमी असावा.

रेषा (ती शोषणाचे अवकलज म्हणून नोंदली जाते) मिळाली, की तिच्या वरच्या शिखराची उंची आणि खालच्या शिखराची खोली यांचे गुणोत्तर मोजावे. ते 1 असेल, तर शून्य ओलांडणाऱ्या बिंदूवरून जी-मूल्य काढता येते. जाड वाहक नमुन्यात ते अडीचच्याही पुढे जाते. तेव्हा हा बिंदू न धरता, भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी 1955 मध्ये मांडलेल्या सिद्धांतातील रेषा आकड्यांवर बसवून जी-मूल्य आणि रुंदी ठरवावी.

पुढे तापमान बदलून पाहावे. वाहक इलेक्ट्रॉनांची पाउली चुंबकीय ग्रहणशीलता, आणि म्हणून त्यांचा संकेत, तापमानाने फारशी बदलत नाही, तर एका जागी बांधलेल्या स्पिनांचा संकेत थंडीत क्युरीच्या नियमानुसार, म्हणजे तापमानाच्या व्यस्त प्रमाणात, वाढतो. म्हणून कोणत्याही एका तापमानाच्या वर्णपटावरून संकेत वाहक इलेक्ट्रॉनांचाच आहे, असे म्हणू नये. फॉस्फरसचे थोडेच डोपिंग असलेल्या सिलिकॉनमध्ये द्रव हेलियमच्या तापमानाला इलेक्ट्रॉन फॉस्फरसच्या अणूंशी बांधले जातात आणि त्या अणुकेंद्राच्या 1/2 स्पिनमुळे सुमारे 4.2 मिलिटेस्ला अंतरावर दोन रेषा दिसतात. डोपिंग वाढत गेले, की त्यांच्यामधल्या जागेत नवा संकेत उगवतो आणि अखेरीस एकच रेषा उरते. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण इलेक्ट्रॉन एका अणूचा न राहता अनेकांचा कसा होतो, ते इथे डोळ्यांना दिसते.

अशा थंड नमुन्यात स्पिनांची शिथिलता (शोषलेली ऊर्जा सोडून मूळ स्थितीत परतणे) फार मंद असते आणि थोड्याशा शक्तीनेही संपृक्तता (स्पिन आणखी शक्ती शोषू न शकण्याची स्थिती) येऊन रेषेचा आकार बिघडतो. संशय आल्यास शक्ती 20 डेसिबलने कमी करून पुन्हा मोजावे: आकार बदलला तर दोष संपृक्ततेचा समजावा, आणि तसाच राहिला तर नमुना आणखी पातळ करून पाहावा.